डोंगरातले आठ दिवस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

उन्हाळ्यात हिमालयात सात-आठ दिवसांच्या पायी वाटेला निघणाऱ्या वाचकांची पत्रं या महिन्यात आली आहेत. बहुतेक पत्रं वऱ्हाडातल्या आणि यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांतली आहेत. अशी चाल अर्ध्यावर सुटते ती बहुतेक वेळा टाचेवरच्या फोडाने, कच्च्या वरणाने किंवा रात्री अंगावर राहिलेल्या ओल्या बनियनने. म्हणून या गोष्टींची उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. नजर जाईल तिथवर सपाट रान. मे महिन्यात उत्तराखंडातल्या हर की दूनला जायचं ठरवलं आहे. चढाचा सराव करायचा कुठे?

उत्तर : शाळेच्या जिन्यावर. एका मजल्याची उंची साधारण ३ मीटर धरा. ५० वेळा वर-खाली केलंत की १५० मीटर चढ आणि तेवढाच उतार झाला. निघायच्या बारा आठवडे आधी, म्हणजे फेब्रुवारीतच सुरुवात करा. पहिले तीन आठवडे पाठीवर काही न घेता, आठवड्यातून तीनदा. मग पिशवीत ३ किलो, दर आठवड्याला एक-एक किलो वाढवत ८ ते १० किलोपर्यंत जा. वजनासाठी धान्य किंवा दगड भरू नका, पाण्याच्या बाटल्या भरा. गुडघा कुरकुरायला लागला तर वरच्या पायरीवर पाणी ओतून देऊन हलकं होऊन उतरता येतं.

उताराचा सराव बहुतेक जण सोडून देतात आणि तिथेच फसतात. चढताना दम लागतो, पण थांबलं की तो बसतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार पेलतो, त्यात त्याचे तंतू दुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायरी उतरणंही नकोसं होतं. दोन-तीन आठवडे उताराची सवय झाली की हा त्रास खूप कमी होतो. घोट्यासाठी नांगरलेल्या रानातली ढेकळं तुडवत रोज अर्धा तास चाला. डांबरी सडकेवर घोट्याला असं काम मिळत नाही.

शेवटच्या महिन्यात दोनदा चिखलदऱ्याचा घाट पायी चढा. परतवाड्याकडून माथ्यापर्यंत सुमारे ७०० मीटर चढ मिळतो. एप्रिलमध्ये पहाटे पाचला निघा आणि ऊन तापायच्या आत, नऊपर्यंत जिथे असाल तिथे थांबा. वळणांवर गाड्या येतात, म्हणून समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने चाला.

प्रश्न : माह्या पायाले दर खेपेले फोडं येतात. शेगावच्या पायदळ वारीत आले, अन् चिखलदऱ्याले गेलो तवाबी आले. काहून येतात? अन् आल्यावर फोडाव का तसेच ठेवाव?

उत्तर : घामाने मऊ झालेली कातडी बुटाला चिकटून राहते आणि आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकतं. या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी भरतं. म्हणजे ओल आणि सरकणं, या दोन्हींचा बंदोबस्त करायला हवा.

बूट संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. चालताना घालणार तेच मोजे घालून बघा. पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. नवे बूट किमान ८० किलोमीटर चालून मऊ करा. रेल्वेत बसायच्या आदल्या दिवशी घेतलेला बूट तिसऱ्या दिवशी हमखास चावतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात, लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे लवकर वाळतात. तीन जोड पुरतात : एक पायात, एक पिशवीवर वाळत, एक फक्त झोपताना. नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी सरळ कापा. उतार सुरू होण्यापूर्वी घोट्याजवळची नाडी घट्ट बांधा, नाहीतर अंगठा बुटाच्या टोकावर आपटून नख काळं पडतं.

आता खरी गोष्ट. फोड येण्याआधी त्या जागी चटका बसल्यासारखं वाटतं. तेव्हाच थांबा. पुढच्या मुक्कामावर बघू म्हणून चालत राहिलात तर अर्ध्या तासात फोड उठतो. बूट-मोजा काढा, पाय वाळू द्या, पुसा, आणि औषधाच्या दुकानात मिळणारी रुंद चिकटपट्टी दुखऱ्या जागेपेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर मोठी लावा. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, म्हणजे ते उचकटत नाहीत. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात, आणि एका माणसासाठी सगळा गट पाच मिनिटं थांबला तर काही बिघडत नाही.

लहान, न दुखणारा फोड तसाच ठेवा. मोठा असेल, टाचेवर किंवा तळव्यावर असेल आणि चालवतच नसेल, तर हात साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसलेल्या सुईने फोडाच्या खालच्या कडेला दोन भोकं पाडा. पाणी दाबून काढा, पण वरची कातडी काढू नका. तीच तुमची सगळ्यात चांगली पट्टी आहे. जंतुनाशक मलम, त्यावर जाळीचं कापड, त्यावर चिकटपट्टी. सुईने दोरा ओवून तो फोडातच ठेवायची रीत आपल्याकडे वारीत सर्रास दिसते. ती सोडा. तो दोरा बाहेरची घाण आत ओढतो. मधुमेह असलेल्यांनी फोड स्वतः फोडू नये. पू, ताप किंवा वर चढणारी लाल रेघ दिसली तर चाल थांबवून डॉक्टर गाठा.

प्रश्न : आम्ही पुसदचे सहा मित्र. स्वयंपाक स्वतः करायचा आहे. वरण-भात आणि भाकरीशिवाय आमचं भागत नाही. शेगडी आणि गॅसचे डबे इथूनच न्यावे का? शिधा किती लागेल?

उत्तर : शेगडी न्या, डबे नेऊ नका. गॅस, रॉकेल, पेट्रोल रेल्वेच्या डब्यातून नेण्यास बंदी आहे आणि विमानातही चालत नाही. डेहराडूनसारख्या पायथ्याकडच्या शहरात ते मिळतात. विकत घेताना आटे असलेला, ब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्या. निव्वळ ब्युटेनची वाफ गोठणबिंदूच्या आसपास होईनाशी होते, मग डबा भरलेला असूनही शेगडी पेटत नाही. पहाटे मिश्रणाचा डबाही मंद जळतो, म्हणून रात्री तो झोपायच्या पिशवीत पायाशी ठेवा.

२३० ग्रॅमच्या एका डब्यावर, झाकण ठेवून आणि वारा अडवून, साधारण १२ लिटर पाणी उकळतं. सहा जणांचा चहा, जेवण आणि प्यायचं पाणी धरलं तर रोज जवळजवळ एक डबा लागतो. सात दिवसांना आठ डबे घ्या. भाकरीचा हिशोब इथेच चुकतो : सहा जणांच्या बारा भाकऱ्या थापून भाजायला पाऊण तास लागतो आणि अर्धा डबा तिथेच जातो. म्हणून ज्वारीचं पीठ घरी ठेवा. पहिले तीन दिवस दुधात भिजवलेल्या दशम्या आणि तेलात परतलेला कोरडा ठेचा न्या. ताकातला किंवा ओला ठेचा आंबतो.

वरणाचं गणित तुरीमुळे अडतं. उंची वाढली की हवेचा दाब कमी होतो आणि पाणी कमी तापमानालाच उकळतं. दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने. ३,००० मीटरवर ते ९० अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा हाताला लागतो. तीन लिटरचा छोटा कुकर सहा जणांत वाटून नेता येतो आणि गॅस वाचवून आपलं वजन भरून काढतो. कुकर नको असेल तर मूग किंवा मसूर न्या आणि दुपारीच रुंद तोंडाच्या बाटलीत भिजत घाला. रोजच्या आहारात मात्र झुणक्याला पहिला मान द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. बेसन हलकं, कोरडं, प्रथिनं भरपूर, आणि पाच-सात मिनिटांत शिजतं.

एका माणसाला दिवसाला कोरडा शिधा ६५० ग्रॅमच्या आसपास धरा. न्याहारीला पोहे ८० ग्रॅम. वाटेत फुटाणे, शेंगदाणे, गूळ मिळून १२० ग्रॅम. दुपारी सातूचं पीठ १०० ग्रॅम. रात्री तांदूळ १२०, डाळ ५० आणि बेसन ६० ग्रॅम. तेल-तूप ३५ ग्रॅम. उरलेलं दूध पावडर, साखर आणि चहा. सहा जणांचा सात दिवसांचा शिधा २७ किलो होतो, म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर साडेचार किलो. तो दिवसाप्रमाणे सात पिशव्यांत बांधा. सगळं एकत्र नेलं की पाचव्या दिवशी गूळ संपलेला असतो आणि पोहे उरलेले. सातूला शेगडी लागत नाही, गुळाच्या पाण्यात कालवलं की जेवण झालं. पावसात अडकलात तर याच पिठावर दिवस निघतो, म्हणून एक दिवसाचं जास्तीचं ठेवा.

तंबू बंद करून आत शेगडी पेटवू नका, बाहेर कितीही पाऊस असो. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. सरपणाचा विचारही नको. हर की दूनची वाट गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानातून जाते.

प्रश्न : झऱ्याचं पाणी थेट प्यावं का? दिसायला तर काचेसारखं असतं. (वाचक, वरूड)

उत्तर : नाही. वरच्या कुरणांत मेंढ्या आणि खेचरं चरत असतात. चार पदरी फडक्यातून गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं उकळा. क्लोरीनची गोळी टाकली तर अर्धा तास थांबा; पाणी बर्फासारखं गार असेल तर तासभर. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, आधी निवळू द्या. जुलाब लागलेच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट-घोट.

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातल्या चार मैत्रिणी. पाळी आणि शौचाची व्यवस्था तिथे कशी करायची, हे कुणी मोकळेपणाने सांगत नाही.

उत्तर : ताई, बरं झालं विचारलंत. या संकोचापायी अनेक जणी दिवसभर पाणीच कमी पितात आणि त्यातून डोकेदुखी, लघवीची जळजळ आणि थकवा ओढवून घेतात. उंचावर रोज तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. लघवी पिवळीजर्द दिसली तर ते कमी पडतंय.

शौचासाठी एक छोटं खुरपं बरोबर ठेवा. झरा, वाट आणि मुक्काम यांपासून किमान ६० मीटर, म्हणजे ८०-९० पावलं दूर जा. वीतभर खोल खड्डा करा, नंतर मातीने पूर्ण बुजवा. पाकिटातले ओले रुमाल (वेट वाइप्स) पुरू नका, ते कुजत नाहीत.

पाळीसाठी घरी जे वापरता तेच न्या. नवा प्रयोग डोंगरात नको. मासिक पाळीचा कप वापरायचा असेल तर दोन-तीन महिने आधी घरी सवय करा, आणि तिथे तो उकळलेल्या पाण्याने धुवा. पॅड असतील तर वापरलेले कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या किंवा दुहेरी पिशवीत घालून खाली परत आणा. पिशवीत मूठभर वापरलेली चहापत्ती टाकली की वास दबतो. पॅड जाळले तर प्लास्टिक अर्धवट वितळतं आणि पुरले तर कोल्हे-कुत्रे उकरतात. दगदग आणि उंची यांनी पाळी चार दिवस पुढे-मागे होते, म्हणून तारीख नसली तरी सामान बरोबर असू द्या. पाळी लांबवायची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. उंचावर रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, तेव्हा आधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, कुस्ती खेळतो, अंगात बैलाची ताकद. त्याला विरळ हवेचा त्रास होणार नाही ना? आधी चार दिवस चिखलदऱ्याला राहिला तर उपयोग होईल का? (एक आई, मेहकर)

उत्तर : ताकदीचा आणि या त्रासाचा संबंध नाही. उलट तगडी मुलं झपाट्याने वर जातात, म्हणून त्यांना तो अधिक वेळा गाठतो. चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास आहे. तेवढ्या उंचीला शरीर जुळवून घ्यायची गरजच पडत नाही. पायांना सराव होईल, हवेचा नाही.

३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांवर येतो. ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, पण प्रत्येक श्वासात मिळतो कमी. श्वास वाढवून शरीर हे भरून काढायला शिकतं, त्याला दिवस लागतात. म्हणून २,५०० ते ३,००० मीटरनंतर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावं. दिवसा आणखी वर जाऊन रात्री खाली झोपलं तर चालतं. सहल नेणाऱ्या संस्थेचं वेळापत्रक हाती आलं की पैसे भरायच्या आधी प्रत्येक मुक्कामाची उंची लिहून ही वजाबाकी करा.

त्याला इतकं नक्की सांगून ठेवा : डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं यांतलं काही झालं तर ते लगेच सांगायचं आणि त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. मुलं हे लपवतात, गटाला उशीर होईल म्हणून. डोकेदुखी वाढत गेली, सरळ रेषेत टाचेला बोट लावत चालता येईना, बोलण्यात घोळ झाला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येऊ लागला, तर सकाळची वाट न बघता, रात्र असली तरी त्याला दोघांनी धरून खाली आणायचं. ३०० ते १,००० मीटर खाली आल्यावर बहुतेकांना फरक पडतो. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी काही जण आधीपासून घेतात. ती डॉक्टरांना विचारूनच, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगून. दारू आणि झोपेच्या गोळ्या तिथे श्वास मंद करतात, त्या पूर्ण बंद.

प्रश्न : रोज किती चालायचं, आणि दिवस कसा आखायचा? (शिक्षक, वणी)

उत्तर : सामानासह १० ते १२ किलोमीटर पुरे. वेळेचा अंदाज असा : सपाटीच्या प्रत्येक किलोमीटरला १५ मिनिटं, शिवाय चढाच्या दर १०० मीटरला आणखी १० मिनिटं. १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे साडेतीन तास. विश्रांती आणि जेवण धरून पाच. पाचला उठा, साडेसहाला वाटेला लागा. पहिला अर्धा तास इतकं सावकाश चाला की शेजाऱ्याशी अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. पन्नास मिनिटं चाला, दहा मिनिटं थांबा. थांबताक्षणी अंगावर जाकीट चढवा.

दुपारी दोनपर्यंत मुक्कामी पोचा. मे-जूनमध्ये हिमालयात दुपारनंतर ढग भरून गडगडतं. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. डोंगराच्या धारेवरून आणि एकट्या झाडाखालून दूर व्हा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलू नका. पोचल्यावर आधी ओले कपडे बदला, मग तंबू, मग चहा. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे वरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला आहे. वाटाड्या तिथे तंबू ठोका म्हणाला तरी नाही म्हणा.

प्रश्न : घरची वाकळ नेली तर झोपायच्या पिशवीचे पैसे वाचतील का? (वाचक, धामणगाव रेल्वे)

उत्तर : वाकळ तीन-चार किलोची, आणि सुती. दवाने ओली झाली की आठ दिवस वाळत नाही. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि ३,५०० मीटरवर मे महिन्यातही पहाटे पाणी गोठू शकतं. झोपायची पिशवी पायथ्याच्या गावात भाड्याने मिळते. तिच्यावर दोन तापमानं छापलेली असतात. त्यातलं वरचं, सुखाने झोप लागेल ते, उणे पाचच्या आसपास असलेली घ्या. दुसरा आकडा नुसता तग धरण्याचा असतो. पिशवीइतकीच गरज खालच्या फोमच्या चटईची आहे, कारण अंगाखाली दबलेलं अस्तर ऊब धरत नाही आणि थंडी जमिनीतून येते.

प्रश्न : हिमालयात जायच्या आधी मेळघाटात तंबू टाकून दोन रात्री सराव करावा म्हणतो. (महाविद्यालयीन विद्यार्थी, अंजनगाव सुर्जी)

उत्तर : व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात नको. परवानगीशिवाय पायी शिरणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलांखाली अस्वलं येतात, तीही नेमकी पहाटे. तंबूचा सराव स्वतःच्या शेतात करा. एक रात्र अंधारात, एका विजेरीवर तंबू उभा करून बघा. दुसऱ्या रात्री त्यावर बादलीने पाणी मारा आणि शिवणीतून कुठे गळतं ते पाहा.

शेतात झोपताना तंबूची चेन पूर्ण लावा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश फारसा दुखतही नाही. पापण्या जड होऊन मिटायला लागतात तेव्हा कळतं. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. पावसाळ्यात आणि त्यानंतर गवतात बसला-झोपला असाल आणि दहा-बारा दिवसांनी ताप आला तर काखेत, जांघेत काळी खपली शोधा. ती स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाची, खूण असू शकते. २०१८ मध्ये विदर्भात याचे बरेच रुग्ण आढळले होते. डॉक्टरांना गवताचं आवर्जून सांगा, औषध वेळेवर मिळालं तर आजार आटोक्यात येतो.

साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, दोरी करकचून बांधू नका. हातापायातल्या अंगठ्या-कडी काढा, तो अवयव फळीला बांधून हलू देऊ नका, चावल्याची वेळ कागदावर लिहा आणि गाडीने थेट प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. तो सगळ्यात जवळचा दवाखाना कोणता, हे तंबू ठोकायच्या आधीच विचारून ठेवा.